डग्गा चोरणारा माणूस

नागपूरच्या लकडगंजातील श्रमसाफल्य सभागृहाने गेल्या वर्षी आपल्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढली. तिच्यात ध्वनियंत्रणेविषयी दीड पानाचे टिपण आहे आणि त्या टिपणात पुढील वाक्य आहे: ‘१९७५ च्या सुमारास एका स्थानिक कारागिराने दुरुस्तीच्या मिषाने मूळ विदेशी स्पीकरमधील मौल्यवान भाग काढून घेतल्यामुळे आवाजाचा दर्जा खालावला.’ कारागिराचे नाव दिलेले नाही. नाव न देण्यात आपण सभ्यता दाखवली, असे टिपणकर्त्याला वाटले असावे. प्रत्यक्षात गोळीबार चौकापासून लकडगंजापर्यंत ज्यांनी ज्यांनी ते वाचले, त्या प्रत्येकाला नाव ठाऊक होते. त्या कारागिराच्या बायकोलाही ते कोणीतरी वाचून दाखवले.

हे वाक्य खोटे आहे. ऐकीव माहितीवरून मी हे लिहीत नाही. ज्या दोन प्रसंगांतून ते वाक्य जन्मले, त्या दोन्ही वेळी सभागृहात हजर असलेल्या मुकुंद या माइकवाल्याशी मी अनेकदा बोललो आहे. कारागिराची पत्नी रुख्मिणीबाई हेडाऊ यांचे म्हणणे मी मुकुंदच्या म्हणण्याशी ताडून पाहिले. जिथे दोघांचे जुळले नाही, तिथे तसे नमूद केले आहे. आणि तो स्पीकर अजून जागेवर आहे. माणसे भीड धरतात, विसरतात, सोयीचे तेवढे आठवतात. स्पीकरला यांपैकी काही करता येत नाही.

बाबनराव हेडाऊ तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरात जन्मले. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून बसवलेला हातमाग होता. वडील त्यावर रेशीमकाठी नऊवारी विणत. आई आणि पुढे सून रुख्मिणी चरख्यावर कांड्या भरत, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या छोट्या नळीवर सूत गुंडाळत. साठीच्या दशकात यंत्रमागाच्या लुगड्यांनी बाजार भरला आणि तांडापेठेतले माग एकेक करून बंद पडले. कोणी गिरणीत गेले, कोणी विड्या वळू लागले. बाबनराव लाउडस्पीकरचा ठेका घेणाऱ्या ताराचंद यांच्याकडे लागले. लग्नामुंजीत भोंगे टांगता टांगता ते फाटलेले स्पीकर उघडू लागले आणि १९६८ च्या आसपास गोळीबार चौकालगतच्या गल्लीत त्यांनी स्वतःचे दुकान थाटले.

विणकराच्या हातात कला उपजत असते, असे लिहिण्याची आपल्याकडे एक गोड रीत आहे. बाबनरावांच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे. जाड, खालचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरला वूफर म्हणतात. त्याच्या कागदी कोनाभोवती कापडाची एक लवचिक कडा असते. त्या कडेमुळेच कोन मोकळेपणी पुढेमागे हलू शकतो. बाबनरावांनी आपल्या पहिल्या काही वूफरांच्या कडांना चक्क चिंचोक्याची खळ दिली, कारण कापड हाती आले की त्याला खळ द्यायची, हेच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले होते. कडा पत्र्यासारख्या ताठ झाल्या आणि उरलेले काम झुरळांनी केले. ताराचंदने ते खाल्लेले स्पीकर आणून त्यांच्यापुढे आपटले.

“हेडाऊ, स्पीकर बनवून राहिला का झुराळाचं जेवण?”

“तुह्या घरचे झुराळं बी तुह्यासारकेच भुक्कड हायेत, त्याले मी काय करू?” असे बाबनरावांनी उत्तर दिल्याचे ताराचंदच्या घरी आजही हसत हसत सांगतात. हे उत्तर मला खरे वाटते, कारण ते त्यांच्या स्वभावाशी जुळते. बाबनराव रागीट होते. दुरुस्त केलेला रेडिओ पुन्हा कधी बिघडेल, असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ते म्हणत, “तू कधी मरशीन थे सांग, मंग मी सांगतो.” तरी गिऱ्हाइके येत, कारण खळीचा नाद सोडल्यावर त्यांचे काम चांगले होऊ लागले होते.

मात्र त्या कामातला सर्वांत नाजूक भाग त्यांचा नव्हताच. कोनाच्या मागे, चुंबकाच्या अरुंद फटीत, केसासारख्या तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते. तिला कॉइल म्हणतात. आवाज मोठा ठेवला की आधी जळते ती हीच. नवा कॉइल मुंबईहून मागवावा लागे आणि तो कधी येई, कधी येत नसे. घरी कांड्यांचा चरखा पडून होता. रुख्मिणीबाईंनी त्याच्या चातीवर लाकडी साचा बसवला, साच्यावर कागदाची नळी चढवली आणि तिच्यावर तार गुंडाळायला सुरुवात केली. तारेचा एक फेरा दुसऱ्यावर चढला की कॉइल फटीत घासतो; त्यांचा चढत नसे. पुढे या दुकानातला प्रत्येक कॉइल त्यांनीच गुंडाळला.

दुकानाच्या पाटीवर मात्र लिहिले होते: ‘हेडाऊ स्पीकर वर्क्स. येथे कंपनीचे ओरिजिनल कॉइल बसवून मिळतील.’

“घरचा म्हनलं का लोकं नाक मुरडते,” असे बाबनराव बायकोला सांगत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण दुसरेही एक कारण होते, जे ते सांगत नसत आणि रुख्मिणीबाईंना कळत असे. कॉइल बायको गुंडाळते, हे चौकात कळलेले त्यांना चालणार नव्हते.

आता सभागृहाकडे वळतो. श्रमसाफल्यच्या मंचाच्या दोन्ही अंगांना दोन उंच लाकडी पेट्या आहेत. सिव्हिल लाइन्समधला एक जुना क्लब बंद पडला, तेव्हा त्याच्या सामानातून त्या आणल्या होत्या. प्रत्येकीत एक मोठा विलायती वूफर. १९७५ साली एका भाषणात डावीकडचा वूफर जळाला. संस्थेचे सचिव मनोहरराव यांनी तो बाबनरावांकडे पाठवला.

बाबनरावांनी जळालेला कॉइल काढला, रुख्मिणीबाईंनी गुंडाळलेला नवा बसवला, कोनाला नवा कागद आणि नवी कडा लावली. एवढ्यावर ते थांबले असते तर बरे झाले असते. पण वूफरच्या लोखंडी सांगाड्यावर गंज चढला होता, आणि गंजलेली वस्तू परत देणे त्यांना कमीपणाचे वाटे. त्यांनी तो खरवडला आणि वर हिरवा ऑइलपेंट मारला. खरवडताना कंपनीचे कागदी लेबलही गेले.

“लेबल तं राहू द्या,” असे आपण म्हटल्याचे रुख्मिणीबाई सांगतात. याला दुसरा साक्षीदार नाही.

दुकानात वूफर वाजवून पाहिला तेव्हा शेल्फवरचे डबे थरथरले. तो पेटीत बसवला गेला आणि त्याच आठवड्यात सभागृहात तबलावादनाचा कार्यक्रम झाला. बाबनराव आमंत्रण नसताना गेले आणि आपल्या कामाशेजारी, म्हणजे डाव्या पेटीला टेकून उभे राहिले.

त्या प्रसंगाविषयी मुकुंदचे सांगणे आणि रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडून ऐकलेले यांत तफावत नाही. वादकाने डग्ग्यावर हात ठेवला आणि मधल्या खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. तबल्याची चाट, म्हणजे काठावरची टणक थाप, स्वच्छ ऐकू येत होती. डग्ग्याचा घुमारा नव्हता. रिकाम्या डब्यावर बोट मारावे तसा आवाज येत होता. पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडले, “डग्गा कुठे गेला हो?” सभागृह हसले. वादकाने हात थांबवून आधी वाद्याकडे आणि मग माइककडे पाहिले.

डाव्या पेटीपाशी उभ्या असलेल्या बाबनरावांना मात्र डग्गा अगदी भरघोस ऐकू येत होता. ते तिथूनच ओरडले, “अजी वाजून तं राहिला! कान साफ करा!”

सभागृह आणखी हसले. लोक खोटे बोलत आहेत अशी त्या क्षणी बाबनरावांची खात्री झाली, आणि कारागीर खोटे बोलतो आहे अशी लोकांची. दोघांच्या कानांवर जे पडत होते ते आपापल्या जागी खरे होते. पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मध्यंतरात मनोहररावांनी मुकुंदकडून पेटीची मागची फळी काढवून घेतली. आत हिरवा सांगाडा, नवा कोरा कागद, लेबल नाही.

“हा आमचा स्पीकर नाही,” मनोहरराव म्हणाले.

“तुमचाच हाये. गंज होता, रंग देल्ला.”

“आणि लेबल?”

“खरवडताना निंगालं.”

“सोयीने निघालं! कॉइल कुठला टाकला?”

भोवती माणसे जमली होती. त्यांत चौकातलीही काही होती. बाबनराव म्हणाले, “कंपनीचा. बंबईचा.”

“कॉइल कंपनीचा, कागद नवा, मग आवाज असा का? उरलं काय? चुंबक उरलं. आमचं विलायती चुंबक काढून हे भंगार बसवलंत.”

या तर्कात खोट शोधू गेल्यास सापडत नाही. कॉइल कंपनीचा असेल तर दोष त्याच्यात असू शकत नाही; मग संशय चुंबकावरच जातो. बाबनरावांनी स्वतःच्या एका शब्दाने स्वतःला कोंडून घेतले होते. वूफर खोलून सांगाड्याच्या कडेला आतून ठोकलेला कंपनीचा छाप दाखवतो, तो रंगाखालीसुद्धा दिसेल, असे त्यांनी परोपरीने सांगितले. मनोहररावांनी त्यांना पेटीला हात लावू दिला नाही. “आता उरलंसुरलंही नेणार काय?” म्हणाले. आणि मध्यंतर संपल्यावर मंचावर जाऊन त्यांनी माइकवरून जाहीर केले की गोळीबार चौकातल्या हेडाऊ नावाच्या कारागिराने संस्थेच्या स्पीकरमधला मूळ माल चोरला आहे, सबब रसिकांनी गैरसोयीबद्दल क्षमा करावी.

पुरावा तपासण्याची तयारी असलेला माणूस समोर उभा असताना, तो न तपासता, शेकडो लोकांपुढे एखाद्याला नाव घेऊन चोर म्हणणे याला मी गैरसमज म्हणू शकत नाही. गैरसमज दूर करता येतो. इथे तो दूर होऊ नये याची व्यवस्था केली गेली.

चौकात बाबनरावांना नवे नाव मिळाले: डग्गाचोर. दुरुस्तीला आलेले रेडिओ लोक तसेच उघडे परत घेऊन गेले. ताराचंदने भोंगे पाठवणे थांबवले आणि कारण सांगायलाही तो आला नाही. एका मुलाच्या मुंजीत बाबनराव जेवायला बसले असता पंगतीतून कोणीतरी म्हणाले, “वाट्या मोजून घ्या गा.” ते ताटावरून उठले. घरी ते भिंतीशी बोलत, मग भांड्यांशी, मग बायकोशी, आणि सगळ्यांशी एकाच चढ्या आवाजात. मनोहररावांना ज्या माइकवरून शब्द उच्चारला त्याच माइकवरून तो परत घ्यायला लावायचा, एवढेच त्यांना हवे होते. कशाच्या बळावर, हे त्यांना सांगता येत नव्हते, कारण डग्गा खरोखर कुठे गेला हे त्यांनाही माहीत नव्हते.

ते कळले काटोलच्या माणसांमुळे. संत्रा बाजारातल्या आडत्यांचे एक भजनी मंडळ होते. नागपुरातली बदनामी त्यांच्या कानावर गेलेली नव्हती. ते बसच्या टपावर टाकून दोन वूफर घेऊन आले. त्यांतला एक उंदरांनी कुरतडलेला आणि आतून जळालेला होता. बाबनरावांनी तो बांधला आणि ठेच लागलेली असल्यामुळे या वेळी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांवर तबल्याची तबकडी वाजवली.

डग्गा गेला.

एक बंद केला, डग्गा आला. तो सुरू करून दुसरा बंद केला, तरी आला. दोन्ही लावले की गेला. रुख्मिणीबाई आतून पीठ मळत्या हाताने बाहेर आल्या.

“दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्यावानी होऊन राहिलं,” त्या म्हणाल्या.

मागावर बसलेल्याला हे वाक्य उलगडून सांगावे लागत नाही. विणकराच्या पायाखाली दोन पट्ट्या असतात. एक दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, अर्धे धागे वर जातात, दुसरी दाबली की उरलेले अर्धे. दोन्ही एकदम दाबल्या तर धागे एकमेकांना अडवतात, वाट उघडत नाही, धोटा जागीच राहतो. पायांचे बळ मात्र पुरते खर्च होते.

बाबनरावांनी बॅटरीतला सेल काढला आणि त्याच्या दोन टोकांच्या तारा आधी एका वूफरला लावल्या. कोन बाहेर उचलला गेला. त्याच तारा तशाच दुसऱ्याला लावल्या. कोन आत गेला. एक हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. बारीक आवाजाला त्याने फारसे बिघडत नाही; जाड आवाज मात्र दोघांच्या मध्ये मरतो. एका पेटीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला हे कधीच कळणार नाही.

कॉइल उलटा गुंडाळलेला होता. या एकाच वूफरचा नव्हे. दुकानातून आजवर गेलेला प्रत्येक कॉइल तसाच होता. एकटा स्पीकर वाजत असेल तर कॉइल कोणत्याही बाजूने गुंडाळला तरी चालते, आणि तोवर त्यांच्याकडे आले होते ते रेडिओ, भोंगे आणि एकेकटे वाजणारे वूफर. कंपनीने गुंडाळलेल्या जोडीदाराशेजारी रुख्मिणीबाईंचा कॉइल पहिल्यांदा बसला तो श्रमसाफल्यच्या पेटीत.

पुढचा संवाद मला रुख्मिणीबाईंनी सांगितला. त्या दिवशी दुकानाबाहेरच्या शेजाऱ्यांनाही तो ऐकू गेला होता, म्हणून तो मी जवळपास जसाच्या तसा देऊ शकतो.

“उलटा गुंडाळला वं तू! उलटा! बारा गावात नाक कापलं माहं!”

“तुमी कधी सांगतलं मले, कोनीकून गुंडाळाचा?”

“हे बी सांगा लागते काय?”

“जळका कॉइल कोनं सोडला? तुमी सोडला. फेरे मोजले, मले सांगतले. बाजू पाह्यली? सासूबाईनं कांडी जशी शिकवली तशी मी गुंडाळली. पीळ सुटू नाही म्हनून आपल्या घरात याच बाजूनं भरते.”

“तांब्याले कुठचा आला पीळ?”

“मंग मले काहून इचारता? तुमीच बसाचं होतं चरख्यावर!”

ठरावीक दिशेने कांडी भरली म्हणजे सुताचा पीळ सुटत नाही, या समजुतीला कितपत आधार आहे हे मला ठरवता आले नाही. तांडापेठेत मी ज्या घरांत विचारले त्यांपैकी काहींत ती रीत होती, काहींत नव्हती. हेडाऊंच्या घरात ती होती, एवढे निश्चित.

बाबनराव शांत झाले, असे कोणी सांगत नाही. पण त्यांना एकदम एक गोष्ट उमगली आणि ती उमगल्यावर ते अधिकच भडकले. चोरीचा आळ पुसायला लागणारी वस्तू हातात आली होती: दोन तारांची अदलाबदल. पण ती दाखवायची तर कॉइल उलटा का हे सांगावे लागणार. ते सांगायचे तर तो कंपनीचा नाही, घरचा आहे, बायकोने कांडीच्या चरख्यावर गुंडाळला आहे, हे त्याच सभागृहात उच्चारावे लागणार. ते म्हणाले की आपण नुसत्या तारा बदलू, कारण सांगणार नाही.

तेव्हा रुख्मिणीबाई म्हणाल्या, “चोर म्हनवून घेनं चालते, पन बायकोनं गुंडाळला म्हननं चालत नाही?”

बाबनराव दुकानाची फळी आपटून बाहेर गेले. परतल्यावर म्हणाले, “तू बी चाल सभेले.”

संस्थेची वार्षिक सभा त्याच हिवाळ्यात झाली. हे दोघे सभासद नव्हते. अध्यक्ष भैय्याजी या वृद्ध लाकूड व्यापाऱ्यांनी, बोलू द्या त्याले, म्हणून परवानगी दिली. बाबनरावांनी भैय्याजींना मधल्या खुर्चीवर बसायची विनंती केली. मुकुंदने तबल्याची तबकडी लावली. आवाज पोकळ. बाबनरावांनी डाव्या पेटीची फळी काढून दोन तारांची अदलाबदल केली. मुकुंद म्हणतो, “मधात बसलेल्याईच्या पोटात वाजला जी डग्गा.” भैय्याजी उठून उभे राहिले.

मनोहरराव मात्र खुर्चीतच होते. “म्हणजे कॉइलमध्ये दोष होता?”

“होता. उलटा होता.”

“कंपनीने उलटा कॉइल पाठवला?”

मुकुंदच्या आठवणीप्रमाणे बाबनरावांनी इथे माइक स्वतःच्या हातात घेतला. रुख्मिणीबाईंच्या आठवणीप्रमाणे माइकची गरजच नव्हती.

“कंपनीचा नव्हता. खोटं बोललो मी. तो कॉइल माह्या बायकोनं गुंडाळला. ते बसली तिथी. कांडीच्या चरख्यावर गुंडाळला. उलटा झाला तो माह्या चुकीनं, बाजू मी पाह्यली नाही.”

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, “विलायती स्पीकरात लुगड्याची कांडी!” रुख्मिणीबाई मागच्या रांगेत ताठ बसून होत्या. त्या म्हणतात, “हसू द्या म्हनलं. माहं नाव पहिल्यांदा घेतलं त्याईनं चार लोकात.”

“चोरी नसेल,” मनोहरराव म्हणाले, “पण फसवणूक तर कबूल केलीत.”

हे म्हणणे मी फेटाळत नाही. कंपनीचा म्हणून घरचा कॉइल देणे ही फसवणूकच होती. बाबनरावांनीही ते फेटाळले नाही.

“जे केलं ते इथीच सांगतलं. आता तुमी इथीच मले चोर म्हनलं, ते मागं घ्या. याच माइकवर.”

“आवाज दुरुस्त झाला, विषय संपला. पुढचा विषय घ्या.”

“शब्द मागं घ्या, मनोहरराव.”

“सभेचा वेळ घेऊ नका.”

बाबनरावांनी भैय्याजींकडे पाहिले. भैय्याजींनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले. मग बाबनराव डाव्या पेटीकडे गेले, तारा काढल्या, होत्या तशा उलट्या जोडल्या, फळी बसवली आणि स्क्रू आवळले.

“हे काय चाललंय?”

“आवाज नाही झाला दुरुस्त. ज्या दिवशी शब्द मागं घ्याल, त्या दिवशी सुलट्या करीन तारा. चला वं.”

सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे: ‘ध्वनियंत्रणेचा विषय चर्चेस येऊन निकाली निघाला.’

इथे कोणीही विचारील असा एक प्रश्न मी मुकुंदला विचारला. तारा कशा बदलायच्या हे सगळ्या सभेने पाहिले होते. मग दुसऱ्याच दिवशी त्या सुलट्या का केल्या नाहीत? त्याला एका स्क्रूड्रायव्हरपलीकडे काय लागते?

मुकुंद म्हणाला, “मनोहररावसाहेबानं सांगतलं होतं, कोनी हात लावाचा नाही. सुलटा केला असता तं हेडाऊ खरा ठरला असता ना जी.”

म्हणजे असे, की आवाज पोकळ असेपर्यंतच चुंबक चोरीला गेल्याची गोष्ट टिकत होती. म्हणून एका संस्थेने अकरा वर्षे आपल्याच श्रोत्यांना पोकळ आवाज ऐकवला. व्याख्याने झाली, गाणी झाली, लग्ने लागली, आणि प्रत्येक वेळी मधल्या खुर्च्यांवर बसलेल्या कोणीतरी विचारले की आवाज असा का, तेव्हा उत्तर तयार होते: हेडाऊने चोरी केली. ती स्मरणिकेतली ओळ कोणाच्या विस्मरणातून आलेली नाही. तिची जोपासना झाली आहे.

बाबनरावांनी पाटीवरचे ‘कंपनीचे ओरिजिनल’ हे शब्द रंगवून टाकले आणि तिथे लिहिले: ‘येथे कॉइल घरी गुंडाळले जातात.’ काही गिऱ्हाइके परत आली. ताराचंद आला. काही कधीच आली नाहीत. डग्गाचोर हे नाव शेवटपर्यंत राहिले आणि त्याला बाबनराव शेवटपर्यंत शिव्या देत राहिले. समंजसपणे विसरून जाण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनाही दिल्या. १९८२ साली ते वारले. रुख्मिणीबाई अजून कॉइल गुंडाळतात. दिशा त्यांनी बदललेली नाही. फक्त सुरुवातीच्या टोकाला त्या लाल सुताची एक गाठ मारतात, म्हणजे बसवणाऱ्याला बाजू कळते.

स्मरणिका वाचल्यावर मी मनोहररावांना भेटलो. ते आता विश्वस्त आहेत. मी विचारले, छाप पाहिला होता का? ते म्हणाले, “जुनी मढी उकरून काय मिळणार?” मी म्हणालो, ती तुम्हीच छापली आहेत. दुरुस्ती प्रसिद्ध करणार का? “पुढच्या स्मरणिकेत बघू,” ते म्हणाले. पुढची स्मरणिका सुवर्णमहोत्सवाला निघेल. रुख्मिणीबाईंनी साठी ओलांडली आहे.

गेल्या महिन्यात सभागृह रिकामे असताना मुकुंदने डावी पेटी उघडली. रुख्मिणीबाईंना मी बोलावले होते. त्या सभेनंतर त्या तिथे प्रथमच आल्या आणि मधल्या खुर्चीवर बसल्या. मुकुंदने वूफर खोलून बाहेर काढला. सांगाड्याच्या कडेला, हिरव्या रंगाच्या थराखाली, ठोकलेला छाप बोटाला लागतो. नखाने रंग काढल्यावर तो वाचताही आला. उजव्या पेटीतल्या वूफरवर तोच छाप आहे, आणि दोन्ही चुंबके एकाच घडणीची आहेत. सेल लावला तेव्हा डावा कोन आत गेला आणि उजवा बाहेर आला. जे बाबनरावांना मध्यंतरात दाखवायचे होते, ते पाहायला मला चहा थंड होण्याइतका वेळही लागला नाही.

वूफर परत बसवताना मुकुंद थांबला. दोन तारा त्याच्या दोन हातांत होत्या.

“काकू, करू का सुलट्या?”

रुख्मिणीबाईंनी क्षणभर दोन्ही पेट्यांकडे पाहिले.

“माइकवर कोनी बोललं का?”

“नाही.”

“मंग नोको.”

मुकुंदने माझ्याकडे पाहिले. त्याने तारा होत्या तशा जोडल्या आणि फळी लावली. संध्याकाळी तिथे कोणाचेसे व्याख्यान होते. माणसे खुर्च्या मांडू लागली होती.